साफ केलेलं पाकीट

काचेच्या पेटीवर कुणीतरी बोट ठेवलं, तेव्हा लांबेर्तो लाओसला आधी त्या बोटाचाच राग आला. बोट जाड होतं, त्याच्यावर इस्त्रीने भाजल्याचा जुना डाग होता, आणि ते नेमकं तिसऱ्या पानावरच्या पाकिटावर येऊन थांबलं होतं. पेटी त्याने सकाळी लवकर येऊन स्वतःच्या रुमालाने पुसली होती. सारागोसातल्या टपालसंग्राहक मंडळाचं प्रदर्शन दरवर्षी बँकेच्या सभागृहात भरायचं, आणि दरवर्षी लांबेर्तोची पानं दाराजवळच्या कोपऱ्यात, कोट अडकवायच्या खुंट्यांखाली लागायची. ह्या वर्षी पहिल्यांदाच ती मधल्या ओळीत, दिव्याखाली आली होती. विषय त्याचा नेहमीचाच होता : यादवी युद्धातलं न पोचलेलं टपाल. देशाचे दोन तुकडे झाले आणि मधला रस्ता बंद झाला, तेव्हा एका बाजूने निघालेली आणि वाटेतूनच माघारी फिरवलेली पाकिटं. नदी-कालव्यांच्या कचेरीत नकाशे काढण्यात त्याची उभी नोकरी सरली होती, त्यामुळे पाकिटांखालच्या टिपांचं अक्षर छापल्यासारखं होतं. ते अक्षर बघून लोक थांबतात, मजकूर कुणी वाचत नाही, हे त्याला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर त्याला ते बरंच वाटायचं.

"हे नाव माझ्या आईचं आहे," बाई म्हणाली. त्याच्याकडे न बघता, काचेलाच सांगावं तसं.

लांबेर्तो पुढे झाला आणि बोलायला लागला. हे त्याचं नेहमीचं होतं. एरवी चारचौघांत तोंडातून शब्द फुटायचा नाही, पण पाकिटाबद्दल विचारलं की थांबवत नसे. तिने तर विचारलंही नव्हतं. हा जांभळा शिक्का बघा, तो म्हणाला, 'मार्ग बंद, पाठवणाऱ्याला परत'. हा बार्सेलोनाच्या टपाल कचेरीत फार थोडे दिवस वापरला गेला, मग झिजला म्हणून नवा केला. ह्यातलं शेवटचं अक्षर तुटलेलं आहे, दिसतंय? असं तुटलेलं अक्षर असलेलं पाकीट दुसरं कुणाकडे असल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. बाई मान डोलवत होती. तिने जाड राखी कोट घातला होता आणि हातातली पिशवी छातीशी धरली होती.

"मार्तिना आरा," तिने पत्ता वाचला. "आमच्या घराचा नंबरसुद्धा बरोबर आहे. म्हणजे हे अक्षर बाबांचं. मी कधी पाहिलंच नव्हतं त्यांचं अक्षर." मग ती त्याच्याकडे वळली. "आत आहे ना?"

"काय?"

"काय म्हणजे? पत्र!"

त्याने मान हलवली. होकाराची. नाही म्हणायला काय लागलं असतं? पण पलीकडे मंडळाचा अध्यक्ष सातुर्निनो, दातांचा डॉक्टर, मोठमोठ्याने हसत कुणाची तरी ओळख करून देत होता, दिव्याची धग मानेवर येत होती, आणि बाईचा चेहरा इतका जवळ होता की तिच्या भुवईतला एक पांढरा केससुद्धा दिसत होता. मान आपोआप हलली. बाईने लगेच बोट काचेवरून काढून घेतलं, आपण दुसऱ्याच्या वस्तूला फारच वेळ हात लावला असं वाटल्यासारखं.

"मग प्रदर्शन संपलं की बघू या," ती पेटीवरची नावाची चिठ्ठी वाचत म्हणाली. "आता पेटी उघडायला नको. तुमचं इतकं छान लावलंय. मला घाई नाही, दॉन लांबेर्तो. इतकी वर्षं गेली, त्यात आणखी तीन आठवडे."

घरी जाताना सिएर्सो सुटला होता. त्या वाऱ्याला ह्या शहरात कुणी दाद देत नाही, माणसं नुसती खांदा पुढे करून चालतात. पण त्या दिवशी पुलाजवळच्या वळणावर लांबेर्तोला वाटलं की वारा समोरून येत नाहीये, चारी बाजूंनी येतोय आणि आपल्याला मधे दाबून धरतोय. चौथ्या मजल्यावरच्या घरात त्याची बहीण एंग्रासिया बोर्राखाच्या भाजीच्या देठांचे काटे खरवडत बसली होती. दोघंही बिनलग्नाची; आई गेल्यापासून तिने स्वयंपाकघर सांभाळलं आणि त्याने बाकीच्या खोल्या पाकिटांनी भरल्या. कोट न काढताच तो दारात उभा राहिला.

"एंग्रासिया, आपण ती आतली पत्रं... त्यातलं एखादं राहिलं असेल का गं?"

"कुठली पत्रं?"

"पाकिटांमधली. मी तुला द्यायचो ती."

"शेगडी पेटवायला द्यायचास ती?" तिने मान वर केली नाही. "राहतील कशी? शेगडी पेटायची की नाही? आणि कागद तरी काय होते, एकेक असा पातळ, भुर्रकन जळायचा. चांगला जाड कागद कधी दिला नाहीस तू मला."

"एखादं तू वाचलंस?"

"मी?" आता तिने वर बघितलं. "तुझ्या मेलेल्या माणसांची पत्रं मी कशाला वाचू? तुला वाचावीशी वाटली नाहीत, तर मला वाटणार होती?"

तो आपल्या खोलीत गेला. खिडकी आतल्या चौकाकडे उघडणारी, समोर शेजाऱ्यांच्या न्हाणीघराच्या खिडक्या, मधे वाळत घातलेल्या चादरी. त्याने लाकडी पडदा अर्धा खाली ओढला. साफ करणं, असं म्हणत संग्राहक त्या कामाला. तिकिटांच्या बाजारातल्या जुन्या जाणत्यांनी त्याला हे पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मासा साफ करतात तसं पाकीट साफ करायचं. आत घडी घातलेला कागद असला की पाकीट फुगतं, पानावर सपाट बसत नाही. घडीचा वळ शिक्क्यावर उमटतो. आतली शाई ओल धरते आणि पाचदहा वर्षांनी बाहेर पाझरून तिकिटाचा रंग मारते. तेव्हा वाफेवर धरायचं, मागची कड हळूच उचलायची, आतलं काढायचं, आणि मग शिशाच्या वजनाखाली दोन दिवस ठेवायचं. सगळेच करत होते. आता म्हणे परदेशात पत्रासकट पाकिटाला जास्त मान आहे, पण तेव्हा असं कुणी म्हटलं असतं तर बाजारात हशा पिकला असता. पाकीट म्हणजे टपालाचा इतिहास. पत्र म्हणजे कुणाची तरी खासगी रड. शिवाय, असं तो स्वतःला सांगायचा, दुसऱ्याचं पत्र वाचणं असभ्य आहे. न वाचता जाळणं त्याला सभ्यपणाचं वाटत होतं. आज अर्ध्या अंधारात तो स्वतःशीच ते वाक्य पुन्हा म्हणून बघत होता आणि त्या वाक्याला कुठूनही धरलं तरी ते हातातून सुटत होतं.

मग त्याने आठवायला सुरुवात केली. रोज दुपारी जेवण झालं, एंग्रासिया खुर्चीत डुलक्या घ्यायला लागली, की तो पडदा खाली करून बसायचा आणि त्या एका पत्राकडे परत जायचा. पाकीट कसं मिळालं ते लख्ख आठवत होतं : बार्सेलोनाच्या एका रद्दीवाल्याकडून घेतलेला गठ्ठा, एका बंद पडलेल्या खानावळीच्या माळ्यावरचा. परत आलेली पत्रं खानावळवालीने ठेवून दिली असणार, माणसं येऊन घेऊन जातील म्हणून. जांभळा शिक्का दिसला त्या दिवशी अंगावर कुठलं जाकीट होतं तेही आठवत होतं. तिकीट किंचित तिरकं, पत्त्यातल्या 'मार्तिना'चा म मोठा, टाक दोनदा बुडवलेला. हे सगळं त्याला डोळे मिटून काढता आलं असतं. आणि आत? आत एक कागद होता की दोन? रेघांचा होता, असं वाटतं. निळ्या रेघा. की ते दुसऱ्याच कुठल्या पाकिटातलं? चिमट्याने ओढताना तो कागद थोडा अडकला होता, कोपरा दुमडला होता, हे खरं. बोटांना आठवत होतं. पण डोळ्यांनी काहीच ठेवलं नव्हतं. त्याच डोळ्यांनी तुटलेलं अक्षर भिंगाशिवाय टिपलं होतं, आणि हातभर अंतरावरून स्वयंपाकघरात नेलेल्या कागदावरचा एक शब्दही टिपला नव्हता. कधी कधी त्याला वाटायचं, आता दिसतोय, आता एक ओळ दिसतेय. 'लाडके' अशी सुरुवात दिसतेय. मग लक्षात यायचं की ही सुरुवात आपणच लिहितो आहोत, आणि तो घाबरून पडदा वर करायचा.

दुसऱ्या रविवारी ती चौकातल्या तिकिटांच्या बाजारात आली. कमानींखाली नेहमीसारखी टेबलं मांडलेली होती आणि लांबेर्तो सातुर्निनोच्या टेबलामागे, जरा आडोशाला बसला होता. तो कधी काही विकायचा नाही, नुसता बसायचा.

"बघ, तुझ्या प्रेक्षक आल्या," सातुर्निनो म्हणाला. "लांबेर्तो, अरे तुला भेटायला बाई आली आहे! चौकाच्या इतिहासात नोंद करायला पाहिजे. जा, जा, कॉफी पाज. तुझी खुर्ची पळून नाही जात."

कॉफीच्या दुकानात उभं राहायलाही जागा नव्हती. लोक जमिनीवर ऑलिव्हच्या बिया टाकत होते, कपबश्या आदळत होत्या. ती इस्त्रीचं दुकान चालवत होती, नाव ओरोसिया, आडनाव वडिलांचं, बेस्कोस; आईचं, तिथल्या रीतीप्रमाणे, माहेरचंच राहिलेलं. लांबेर्तो भिंत आणि तिचा कोट यांच्यामधे अडकून उभा होता आणि कप ओठांना लावायला कोपर वर करता येत नव्हतं.

"बाबा कामाला म्हणून बार्सेलोनाला गेले," ती सांगत होती. "धक्क्यावर. उन्हाळ्यापुरतं. आणि तेवढ्यात हे सुरू झालं. ते तिकडे, आम्ही इकडे. मी पाच वर्षांची. पुढे ना माणूस, ना निरोप. आघाडीवर गेले म्हणे, कुणी म्हणतं फ्रान्सला गेले, कुणी म्हणतं दुसरं घर केलं. आई काय म्हणायची माहितीये? मेल्याने एक ओळ नाही लिहिली. दर ख्रिसमसला. नूगाच्या मिठाईचा तुकडा तोडायची आणि म्हणायची, एक ओळ नाही लिहिली मेल्याने. गेल्या वर्षी गेली ती. तेच म्हणत गेली."

"पण लिहिली होती," लांबेर्तो म्हणाला. "म्हणजे, पाकिटावरून तर..."

"तेच तर!" तिने त्याच्या बाहीला हात लावला. "लिहिली होती. पण काय लिहिली होती, दॉन लांबेर्तो? येतो म्हणून लिहिली, की येत नाही म्हणून? माझी वाट बघू नकोस, असंही लिहितात माणसं. ते कळल्याशिवाय मला त्यांच्यावर धड रागावता येत नाही की धड रडता येत नाही. मधेच लोंबकळत राहिलेय मी, वाळत घातलेल्या कपड्यासारखी." ती हसली. "तुम्हाला कंटाळा आणते. एकटी माणसं बोलायला लागली की थांबत नाहीत."

तेव्हा सांगता आलं असतं. दुकानात इतका गोंगाट होता की तो काय म्हणाला ते तिला कदाचित नीट ऐकूही गेलं नसतं. पण तो म्हणाला, "कॉफी गार होतेय तुमची."

पुढचे दिवस त्याने काय काय ठरवलं आणि मोडलं, त्याचा हिशोब त्यालाही ठेवता आला नाही. पत्र कधी नव्हतंच, पाकीट रिकामंच मिळालं, असं सांगायचं. हे सगळ्यात सोपं होतं. पण मान हलली होती, आणि तिने ती पाहिली होती. पत्र होतं, मी वाचलं, आणि मग ते ओल लागून खराब झालं, असं सांगायचं. तुमच्या वडिलांनी तुमची चौकशी केली होती, हिवाळ्याच्या आत येतो म्हणाले होते. हे सांगायला त्याची जीभ कितीतरी वेळा तयार झाली, एकदा तर आरशासमोर दाढी करताना तो मोठ्याने बोललासुद्धा, आणि एंग्रासियाने बाहेरून विचारलं, "कुणाशी बोलतोयस?" पण मग तिने विचारलं असतं, आणखी काय म्हणाले? शब्द काय होते? आईला काय म्हणून हाक मारली होती? आणि त्याला एका न पाहिलेल्या माणसाच्या तोंडात रोज थोडे थोडे शब्द घालत बसावं लागलं असतं. त्याच्या कपाटात त्या वर्षांचे कोरे कागद होते, निब होते, आणि कुठल्याही अक्षराची नक्कल करणारा नकाशेवाल्याचा हात होता. हा विचार आला त्या दुपारी तो कपाटाला किल्ली लावून बाहेर पडला आणि अंधार पडेपर्यंत एब्रोच्या काठाने नुसता चालत राहिला. आपण वाईट माणूस आहोत असं त्याला वाटत नव्हतं, हीच अडचण होती. वाईट माणसाला निदान बाहेर पडायचं दार सापडतं. त्याने आयुष्यात कुणाचं काही घेतलं नव्हतं, कुणाला दुखवलं नव्हतं, नेहमी अंग चोरून, दोन पारदर्शक कागदांमधे सपाट होऊन राहिला होता. आणि आता बाहेर यायचं म्हटलं तर कड कुठून उचलायची तेच समजत नव्हतं.

प्रदर्शन संपलं त्या दुपारी ओरोसिया वेळेआधीच आली. केस नीट बसवून घेतले होते, पिशवीत चष्मा होता आणि चष्म्याच्या घराबरोबर एक स्वच्छ, इस्त्री केलेला रुमाल. सातुर्निनो शेजारच्या पेट्या रिकाम्या करत होता. लांबेर्तोने आपली पेटी उघडली, पान बाहेर काढलं, कागदी कोपऱ्यांतून पाकीट सोडवलं आणि तिच्या हातात दिलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं. मग बोटांनी हळूच दाबून बघितलं. मग दिव्याकडे धरलं.

"पत्र नाहीये," लांबेर्तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "होतं. मी काढलं होतं. फार वर्षांपूर्वी. आम्ही काढतो. पाकीट फुगतं म्हणून. मी ते... आमच्याकडे कोळशाची शेगडी होती तेव्हा. मी वाचलं नाही. एक अक्षरही वाचलं नाही."

तो आता तिच्या रडण्याची वाट बघत होता, किंवा थोबाडीत बसण्याची. दोन्हीला तयार होता, एक प्रकारे वाट बघत होता त्यांची. पण तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू येत गेलं, कुणी आपल्याला फारच बावळट समजलं की येतं तसं.

"दॉन लांबेर्तो, पाकीट जपायचं आणि पत्र जाळायचं? कुठला माणूस असं करतो?"

"पण खरंच..."

"हे बघा, मी इस्त्रीवाली असेन, पण खुळी नाही. पाकिटांच्या मागे तुम्ही जन्म घालवता, त्याच्यावरच्या तुटक्या अक्षरावर अर्धा तास बोलता, आणि आतला अख्खा कागद शेगडीत घालता? सरळ सांगा ना. पैसे हवेत?" ती थांबली. तिचा आवाज उतरला. "का त्यात काही वाईट आहे? तुम्ही वाचलंय. वाचलंय आणि मला दाखवत नाही. त्या दिवशी कॉफी पितानाच मला वाटलं होतं, ह्यांना काहीतरी माहिती आहे."

सातुर्निनो हातातली पेटी खाली ठेवून जवळ आला. "अहो बाई, खरं सांगतोय तो. आम्ही सगळेच गाढव होतो तेव्हा. मी स्वतः पोतंभर..."

"सातुर्निनो, तू थांब," लांबेर्तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याने सातुर्निनोला कधी थांब म्हटलं नव्हतं. सातुर्निनो खरोखरच थांबला. लांबेर्तो ओरोसियाकडे बघत होता. तिचे डोळे कोरडे होते, जिवंत होते, चिडलेले होते; आणि त्याला एकदम स्पष्ट दिसलं की तिच्या लेखी ह्या क्षणी कागद जळालेलाच नाही. तो कागद शहरात कुठेतरी आहे, एका खडूस म्हाताऱ्याच्या कपाटात, घडीसह, निळ्या रेघांसह. आणखी दोन वाक्यं बोलली की सातुर्निनो साक्ष देईल, तिचा विश्वास बसेल, आणि मग तो कागद दुसऱ्यांदा जळेल, ह्या वेळी तिच्या समोर.

"पत्र माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "मी देणार नाही."

"हां," ती म्हणाली. तिने मोठा श्वास सोडला. "आता कसं."

"पाकीट न्या तुम्ही."

"रिकामं नेऊन काय करू?" तिने ते त्याच्या हातात परत ठेवलं, हलकेच, शिक्क्याला धक्का लागणार नाही असं. "न्यायचं तर दोन्ही बरोबर नेईन. लाज वाटली पाहिजे तुम्हाला, ह्या वयात." आणि ती निघून गेली. पायऱ्यांवर तिच्या टाचा ठामपणे वाजल्या.

"तू वेडा झालायस का?" सातुर्निनो म्हणाला. "आता ती गावभर सांगत सुटेल की तू चोर आहेस."

"सांगू दे," लांबेर्तो म्हणाला. घरी आल्यावर त्याने पाकीट पानावर परत लावलं. ते सपाट बसलं. सुंदर बसलं. आता त्याच्या ताब्यात दोन वस्तू होत्या, एक असलेली आणि एक नसलेली, आणि दोन्ही आयुष्यभर सांभाळायच्या होत्या. आणि नसलेलीला ना ओल लागणार होती, ना कसर, ना त्याच्यामागे कुणी ती विकू शकणार होतं. एंग्रासियाने जेवायला हाक मारली, तेव्हा त्याने कपाटाची किल्ली खिशात घातली. कपाटात कोऱ्या कागदांखेरीज काही नव्हतं. तरीही घातली.

रविवारी ती आली. कमानींखालच्या गर्दीतून सरळ टेबलाकडे आली. आजूबाजूच्या दोघातिघांनी माना वळवल्या. गोष्ट पोचली होती. सातुर्निनोने भिंग उचललं आणि उगाच एका तिकिटात तोंड घातलं.

"काय ठरलं?" ओरोसियाने विचारलं.

"नाही," लांबेर्तो म्हणाला.

ती उभीच राहिली. वाऱ्याने तिच्या कोटाची कड उडत होती. तिने ती एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने डोळ्यांवरचे केस मागे केले, आणि त्या क्षणी ती पाच वर्षांची असताना कशी दिसत असेल ते त्याला दिसलं, दारात उभी, टपालवाल्याकडे बघत. त्याला नजर खाली घालायची होती. नाही, एवढं एकच पुन्हा म्हणायचं होतं आणि गप्प बसायचं होतं. घरून निघताना जिन्यात त्याने तेवढाच शब्द घोकला होता.

"अजून नाही," तो म्हणाला.

शब्द बाहेर पडला तसा त्याचा हात तोंडाकडे गेला. पण तिने ऐकलं होतं.

"अजून?" ती म्हणाली. तिने कोटाची सगळी बटणं एकेक करून गळ्यापर्यंत लावली, घाई न करता. चेहऱ्यावर राग तसाच होता, पण त्याच्याखालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. "बरं. मग मी येत जाईन."